सहाशे दिरहमांचा हिशेब

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या कंपनीच्या ऑफर लेटरचा फोटो मिळाला. फोनवर तू आनंदात होतास म्हणून तेव्हा काही बोललो नाही, पण रात्री चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि तुझ्या जुन्या कराराशेजारी ठेवून आकडे मांडले. एकूण पगार १०,००० वरून १०,६०० दिरहम होतो हे खरे असले, तरी बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, ६,००० वरून ४,५०० वर उतरले आहे आणि उरलेले सारे घरभाडे, वाहन आणि ‘इतर’ या नावांखाली घातले आहे. हा ‘इतर’ भत्ता म्हणजे काय, हे कागदावर कुठेही लिहिलेले नाही.

महिन्याच्या खर्चाला पैसा कोणत्या नावाने येतो याने फरक पडत नाही, हे मान्य. परंतु अमिरातीत नोकरी सुटताना जे हाती पडते, ते जवळजवळ सगळे बेसिकवर मोजले जाते. ग्रॅच्युइटीसाठी पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचे बेसिक धरतात, तेही शेवटच्या बेसिकप्रमाणे. न घेतलेल्या रजेचे पैसेही बेसिकनेच मिळतात. २०२३ पासून जो बेकारी विमा सक्तीचा झाला आणि ज्याचे महिना पाच दिरहम तू कुरकुरत भरतोस, तोसुद्धा बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने देतो. आज वेळ आली तर तुला महिना ३,६०० मिळतील, नव्या करारावर २,७००. स्वतःहून राजीनामा दिला तर मात्र या विम्याचे काहीच मिळत नाही.

आता तुझे आकडे. सध्याच्या ठिकाणी तुला चार वर्षे सात महिने झाले. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू ३५ दिवस बिनपगारी रजेवर आला होतास, ते दिवस सेवेत धरले जात नाहीत; म्हणजे साडेचार वर्षे समज. तुझे रोजचे बेसिक २०० दिरहम, त्यामुळे आज निघालास तर ग्रॅच्युइटी साधारण १८,९०० होते. ती तुझ्या हक्काची आहे आणि राजीनामा दिला म्हणून कापली जात नाही. राहिलास, तर आणखी सहा महिन्यांनी तू ३० दिवसांच्या दरात जाशील आणि त्यापुढे दर वर्षी ६,००० जमा होतील. नव्या कंपनीत घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होईल: रोजचे बेसिक १५०, दर २१ दिवसांचा, वर्षाला ३,१५०. पहिले वर्ष पुरे होण्याआधी बाहेर पडलास तर तेही नाही. सहाशेची वाढ वर्षाला ७,२०० होते, त्यातून हा २,८५० चा फरक वजा केला की उरतात ४,३५०, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या जरा वर. आणि सूनबाईचा व नातीचा आरोग्य विमा आजची कंपनी भरते, नवी फक्त तुझा भरणार आहे. दोघींच्या विम्याचा हप्ता विचारून घे. मला वाटते, उरलेली वाढ त्यातच जाईल.

जाऊ नकोस, असे मी म्हणत नाही. तिथले काम तुझ्या आवडीचे आहे आणि आताच्या साहेबाखाली तू कसा वाकून गेला आहेस, ते आम्हाला आवाजावरून कळते. माझे म्हणणे एवढेच, की सही करण्याआधी त्यांच्याकडे पुन्हा जा आणि एकूण रक्कम तीच ठेवून बेसिक ६,००० करायला सांग. पगार वाढवून मागण्यापेक्षा हे मागणे सोपे असते, कारण त्यांच्या महिन्याच्या खर्चात एक दिरहमही वाढत नाही. जो भार पडतो तो पुढे, तू निघताना. कौटुंबिक विम्याचेही त्याच बैठकीत बोल. जे कबूल होईल ते कंपनीच्या पत्रात नव्हे, तर कामगार मंत्रालयाच्या ऑफर लेटरमध्ये आणि करारात उतरले पाहिजे. तोंडी ‘बघू’ला तिथे किंमत नाही, हे मी स्वतः भोगले आहे.

ती हकिकत तुला कधी पुरी सांगितली नव्हती. शारजात मी अडीच वर्षे काढली, तेव्हा १९८० चा जुना कायदा होता आणि तीन वर्षांच्या आत राजीनामा देणाऱ्याला ग्रॅच्युइटीचा एक तृतीयांशच मिळत असे. माझे बेसिक १,२०० होते. मी मनात २,१०० धरून बसलो होतो, हाती आले ७००. तो कायदाच होता, त्याचे दुःख नाही. चूक पुढे झाली. विमान रात्री होते, पीआरओने, म्हणजे व्हिसा-कागदपत्रे पाहणाऱ्या कंपनीच्या माणसाने, दुपारी अरबीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला, ‘सगळा हिशेब मिळाला’ अशा अर्थाचा, आणि रजेचे पैसे खात्यावर येतील म्हणाला. पासपोर्ट त्याच्या टेबलावर पडला होता, माझे सगळे लक्ष त्याच्याकडे. मी सही केली. ते पैसे कधीच आले नाहीत, आणि विचारायला गेलो असतो तर माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे धरला गेला असता.

आताचा कायदा, २०२१ चा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे आणि बराच बरा आहे. करार संपल्यापासून १४ दिवसांच्या आत सगळी देणी चुकती करावी लागतात. पासपोर्ट कंपनीला ठेवून घेता येत नाही. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. तरीसुद्धा फायनल सेटलमेंटच्या कागदावर रजा, ग्रॅच्युइटी आणि चालू महिन्याचा पगार हे तीन आकडे वेगवेगळे दिसल्याशिवाय, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नकोस. गाडीचे कर्ज अजून चालू आहे ना? मोठी रक्कम एकदम आली की बँक ती अडवून धरू शकते, म्हणून आधी शाखेत जाऊन बोल.

नोटीस करारात ३० ते ९० दिवसांची असते. तुझी किती, ते कलम पाहा आणि मंत्रालयाची ऑफर हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. नव्या ठिकाणी प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्या काळात ते १४ दिवसांच्या नोटिशीवर तुला काढू शकतात. सूनबाई आणि नातीचे व्हिसा तुझ्या व्हिसावर आहेत, म्हणून तुझा रद्द होण्याआधी त्या दोघींचे काय करायचे हे पीआरओला लेखी विचार.

जुन्या कराराच्या दुसऱ्या पानाचा फोटो अस्पष्ट आला आहे, नोटिशीचे कलम त्यातच असावे. तो पुन्हा पाठव. नव्या कंपनीशी बोलणे झाले की, रात्र झाली असली तरी, फोन कर. मी जागा असतो. आईची तब्येत ठीक आहे. ती तुला गुडघ्याबद्दल काही सांगत नाही, पण आता कठडा न धरता जिना चढते.

तुझा,
बाबा