बुधवारची पालकसभा आणि शुक्रवारचं विमान

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत परदेशी नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबांवर लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यात दोनच प्रकारची घरं होती, एक तर सगळं बिऱ्हाड घेऊन तिकडेच गेलेली, नाहीतर माणूस तिकडे आणि वर्ष-दोन वर्षांनी महिनाभर सुट्टीवर येणार अशी. आमच्यासारखी तिसरी घरंही असतात, माझ्याच ओळखीत चार-पाच आहेत. मी सोमवार ते शुक्रवार दुबईत नोकरी करते आणि शनिवार-रविवार ठाण्याला घरी असते. घरी नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. ह्याला आता अडीच वर्षं होत आली. अशा घरात काहीतरी कायमचं अर्धवट राहून जातं असा लेखाचा एकूण सूर होता, तो मला लागला म्हणून लिहितेय.

आखाती नोकरी आमच्या घराला नवीन नाही. माझे मामा चिपळूणकडचे, ऐंशीच्या दशकात मस्कतला होते, दोन वर्षांनी एकदा यायचे. तेव्हा गावात फोन नव्हता, मामा कॅसेट भरून पाठवायचे, कोणी गावाकडे यायला निघालं की त्याच्या हातात द्यायचे. मग संध्याकाळी ओटीवर टेपरेकॉर्डर ठेवून सगळे गोल करून बसायचे आणि मामांचा आवाज ऐकायचे. कॅसेटमध्ये ते विचारायचे, यंदा मोहोर कसा आहे, आणि आजी टेपरेकॉर्डरकडे बघूनच उत्तर द्यायची, की अरे आंबे उतरवून झाले सुद्धा. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन, पण आजीचा तो चेहरा मी विसरलेले नाही. दुबईची ऑफर आली तेव्हा मला पहिल्यांदा ती ओटीच आठवली, आणि म्हणूनच मी कंपनीशी बोलताना पगार थोडा कमी घेतला पण दर आठवड्याचं तिकीट मागून घेतलं.

हे जमतं कसं असं सगळे विचारतात तर सांगते. शुक्रवारी आमचं ऑफिस दुपारी सुटतं, साडेचारचं विमान, तीन तासांचा प्रवास आणि घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे मुंबईत उतरेपर्यंत नऊ, मग इमिग्रेशन, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचं ट्रॅफिक, घरी पोचायला अकरा तरी होतातच. परत जाताना तोच दीड तास उलटा मिळतो. आणि हे सगळं शक्य झालं ते यूएईने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार केली म्हणून, त्याच्यामागोमाग बहुतेक खाजगी कंपन्यांनीही केली. त्याआधी शुक्रवार-शनिवार असायची. आमच्या ऑफिसात डोंबिवलीचे एक सिनियर आहेत, ते जुन्या काळात अशीच ये-जा करायचे. गुरुवारी रात्री निघायचं, शनिवारी रात्री परत, आणि रविवारी मुलांना सुट्टी तेव्हा हे ऑफिसात. ते मला एकदा म्हणाले, की माझी मुलं मोठी झाली पण त्यांच्याबरोबर रविवार असा मी पाहिलाच नाही. हे त्यांनी कॅन्टीनमध्ये डबा खाता खाता अगदी साधेपणाने सांगितलं, मला मात्र पुढचा घास गेला नाही.

आता एक गोष्ट जी कुणीच आधी सांगत नाही आणि तुमच्या वाचकांपैकी कोणी असा विचार करत असेल तर त्यांनी नोकरी घेण्याआधी कागद-पेन घेऊन हिशोब करावा. नोकरीसाठी परदेशी गेलेला भारतीय नागरिक एका आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला की टॅक्ससाठी तो इथला रहिवासी धरला जातो आणि मग तिकडचा पगारही इथे दाखवावा लागतो. मी पहिल्या वर्षी सोमवारी पहाटेच्या विमानाने जायचे, मुद्दामच, कारण रविवारी रात्री लेकीला झोपवून निघता यायचं. आमच्या सीएंनी सांगितलं की येण्याची आणि जाण्याची दोन्ही तारखा धरूनच चाला. मग शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार आणि सोमवारची पहाट ह्या चार तारखा झाल्या, बावन्न आठवड्यांचे २०८ दिवस! विमान रविवारी रात्री बारा वाजायच्या आत सुटलं तर तीनच तारखा, म्हणजे १५६, आणि १८१ पर्यंत वर उरतात पंचवीस, त्यात गणपती, दिवाळी, कोणाचं आजारपण, सगळं बसवायचं. (इथलं स्वतःचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर नियम आणखी कडक आहेत, ते आपापल्या सीएंना विचारावं.) तेव्हापासून मी रविवारी दहाच्या विमानाने जाते, संध्याकाळी सहाला घर सोडते. म्हणजे लेकीला झोपवणं गेलं. कायदा बदला असं मी म्हणत नाहीये, कायद्याला तारखा मोजाव्याच लागणार, पण ती सोमवारची पहाट मला आजही सलते.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत. नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टची पानं शिक्क्यांनी भराभर संपतात, रिन्यू करताना ६० पानांचा मागून घ्यावा. मुंबई विमानतळावर जानेवारी २०२५ पासून फास्ट ट्रॅक इमिग्रेशन सुरू झालंय, फुकट आहे, ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि एकदा बोटांचे ठसे द्यायचे, मग ई-गेटमधून जाता येतं. दर आठवड्याला जाणाऱ्याने हे केलंच पाहिजे.

पण खरं अवघड ते घरात होतं आणि तिथे चूक माझीच होती, ती लिहिते कारण त्यातूनच मला जे कळलं ते सांगायचंय. सुरुवातीचे सहा-सात महिने मी दर शुक्रवारी बॅग भरून खजूर, चॉकलेटं, खेळणी घेऊन यायचे आणि शनिवारी सगळ्यांना घेऊन मॉल नाहीतर हॉटेल. आणि सोबत घराची आवराआवरी. डाळींचे डबे माझ्या पद्धतीने लाव, लेकीचं टाइमटेबल बदल, नवऱ्याने बाईंना सांगितलेल्या कामात फेरफार कर, मग रविवारी मी जाणार आणि सोमवारी तो बिचारा जिऱ्याचा डबा शोधत बसणार. तो काही बोलायचा नाही. एका शनिवारी रात्री लेक सहलीचा फॉर्म घेऊन आली, मी समोरच सोफ्यावर बसलेले, ती माझ्या बाजूने जाऊन आत इस्त्री करणाऱ्या बाबाकडे गेली सहीला. मी म्हटलं अगं मी केली असती की सही, तर ती म्हणाली, तू सोमवारी नसतेस ना आई, मॅडमनी काही विचारलं तर बाबाला माहीत पाहिजे. रागाने नाही, तक्रार म्हणून नाही, वेळापत्रक समजावून सांगावं तसं म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्यानंतर आम्ही दोघं नीट बोललो आणि एक ठरवलं, की आठवड्यातलं घर त्याचं, त्यात मी ढवळाढवळ करायची नाही, पण दोन-तीन कामं अशी, जी फक्त माझीच, मी जगात कुठेही असले तरी माझीच, मी नाही केली तर ती होणार नाहीत. लेकीचं मराठी शुद्धलेखन हे माझं. रोज इथले साडेसात, तिकडचे सहा. यूएईत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही म्हणून आम्ही बोटिम हे कॉलचं अॅप घेतलं, सासूबाईंनीही शिकून घेतलं. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, मला तिचा अर्धाच चेहरा आणि वही दिसते, मी दहा ओळी सांगते, ती लिहिते, मग वही कॅमेऱ्यासमोर धरते आणि मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते. पाणी शब्दात णी दुसरी की पहिली ह्यावर आमची रोज भांडणं होतात आणि ती मला फार हवी असतात. अर्ध्या तासात वर्गातलं कोण कोणाशी बोलत नाही, डब्यात काय होतं, बाबाने भाजी कशी करपवली, सगळं येतं. "आज काय केलं" असं विचारलं की "काही नाही" हेच उत्तर मिळायचं. शुद्धलेखन घेताना न विचारता कळतं.

दुसरं काम सासूबाईंच्या गोळ्यांचं. बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या आठवड्याच्या सात खणांच्या डबीत मी शनिवारी सकाळी भरते, त्या शेजारी बसून चहा घेतात. त्या डबी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात, त्यामुळे रविवारचा खण रिकामा झाला नसेल तर मला दुबईतही कळतं. खजूर अजूनही आणते पण ते सहा महिन्यांतून एकदा. शनिवारी आम्ही कुठे जात नाही, भाजी आणतो, वह्यांना कव्हरं घालतो.

आता शाळेबद्दल. नाव देत नाही, कारण बहुतेक शाळांत हेच असणार. पालकसभा बुधवारी सकाळी अकराला असते. २०२०-२१ मध्ये ह्याच शाळेने पूर्ण वर्ष फोनच्या पडद्यावर चालवलं, वर्गही आणि सभाही. मी सभेची लिंक मागितली तर तशी पद्धत नाही म्हणून सांगितलं. नवरा जातो, प्रत्येक सभेला वेळेवर जातो, लेकीच्या कुठल्या विषयात काय चाललंय हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे, आणि तरी त्याला दर वेळी विचारतात, मम्मी नाही आल्या का? एकदा तर रिमार्कमध्ये लिहून आलं की आईने लक्ष घालावं. डोंबिवलीच्या त्या सिनियरना इतक्या वर्षांत एकदाही कोणी विचारलं नाही की मुलांना सोडून कसे राहता, मी मुद्दाम विचारून घेतलं. मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये सुद्धा विचारतात.

मी आणि माझा नवरा दोघं मिळून हे घर चालवतो. तो इथे राहून चालवतो, मी साडेसातच्या फोनवरून आणि शनिवारच्या डबीवरून चालवते. शाळांनी फक्त एवढं करावं, की सभेला जो पालक आलाय त्याला पूर्ण पालक समजून बोलावं, आणि जो बाहेरगावी आहे त्याला लिंक द्यावी. ट्रकवर असणारे, जहाजावर असणारे, सीमेवर असणारे, असे किती पालक असतील, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

पुढच्या महिन्यात परत सभा आहे, बुधवारीच आहे. मी परत ईमेल करून लिंक मागितलीय, अजून उत्तर आलेलं नाही.

आपली एक वाचक,
ठाणे