कायमस्वरूपी परवान्याच्या मराठी अक्षरजुळणी सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कायमस्वरूपी परवान्याने विकलेले सॉफ्टवेअर निकामी करून वार्षिक वर्गणीची सक्ती केल्याबाबत, तसेच माझ्या जुन्या फायलींतील मजकूर मला वापरता येईल अशा स्वरूपात मिळण्याबाबत.

महोदय,

मी भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात, आठवडी बाजार भरणाऱ्या एका गावी, टायपिंग, झेरॉक्स आणि डीटीपीचे छोटे दुकान चालवते. दुकानात मी एकटीच काम करते आणि घरखर्च त्यावरच चालतो. आपले मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर मी 2017 मध्ये आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून, डोंगल (परवाना ओळखण्यासाठी संगणकाला जोडायची छोटी किल्ली) आणि पक्क्या पावतीसह, विकत घेतले. खोक्यावर ‘कायमस्वरूपी परवाना, एका संगणकासाठी’ असे स्पष्ट छापलेले आहे. पावतीची आणि खोक्यावरील मजकुराची छायाप्रत या पत्रासोबत जोडली आहे.

गेल्या पावसाळ्यात विजेचा दाब अचानक वाढून माझ्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क वाचली, आपले डोंगलही शाबूत राहिले. नवा संगणक घेऊन त्यावर सॉफ्टवेअर टाकले असता डोंगल ओळखले गेले नाही. आपल्या मदत केंद्राने सांगितले की जुन्या आवृत्तीच्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही, तसा ड्रायव्हर आता तयारही केला जाणार नाही आणि काम सुरू ठेवायचे असेल तर वार्षिक वर्गणीची नवी आवृत्ती घ्यावी. एका संगणकासाठी घेतलेला परवाना मी एकाच संगणकावर वापरत होते आणि पहिला संगणक बंद पडल्यावरच तो दुसऱ्यावर नेला, हे मी त्याच वेळी कळवले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. दिवाळी तोंडावर होती आणि हाती घेतलेली कामे परत करणे शक्य नव्हते, म्हणून मी वर्गणी भरली.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि प्रत्येक मंडईला रात्री नाटक असते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांच्या या हंगामात पत्रके, तिकिटे आणि फलक यांचे जे काम येते, त्यावर माझ्यासारखीचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. अशाच एका गावच्या मंडळाचे नाटकाचे पत्रक मी आपल्या नव्या आवृत्तीत पूर्ण जुळवून ठेवले होते. मंडळाची मुले ते न्यायला आली, त्या दिवशी गावात इंटरनेट बंद होते. सॉफ्टवेअर उघडले, पत्रक पडद्यावर अक्षर न् अक्षर दिसत होते, परंतु ‘परवाना पडताळणी बाकी आहे’ असा संदेश येऊन छपाईची आणि साठवण्याची दोन्ही बटणे बंद झाली. वर्गणीची मुदत संपलेली नव्हती. आपल्या सर्व्हरशी ठरलेल्या काळात संपर्क झाला नाही, एवढेच कारण होते. आमच्या भागात वारा-पाऊस झाला की वीज जाते आणि वीज गेली की मोबाइलचा टॉवरही थोड्या वेळाने बसतो. ही परिस्थिती माहीत असतानाही आपल्या विक्रेत्याने ग्रामीण दुकानदारांना हेच उत्पादन विकले आणि ही अट विक्रीच्या वेळी सांगितली नाही, हा माझा पहिला स्पष्ट आक्षेप आहे.

त्यानंतरचा अनुभव अधिक खेदजनक आहे. मी नोंदवलेली तक्रार आपल्या यंत्रणेत ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. इंटरनेट परत आले, म्हणून निराकरण झाले, असे त्याचे स्पष्टीकरण मिळाले. मराठी भाषेसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रात माझ्याशी एकदाही कोणी मराठीत बोलले नाही. तेथील कर्मचाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते सौजन्याने बोलले, परंतु निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि ज्यांना होता त्यांच्यापर्यंत माझे म्हणणे पोहोचवण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. जुन्या हार्ड डिस्कवर माझ्या कितीतरी वर्षांच्या फायली आहेत. त्यांत ग्रामसभेच्या सूचना, बचत गटांचे ठराव, शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या आणि तेरवीच्या पत्रिका, नाटकांची पत्रके असे सर्व काही आहे. यांतला मजकूर आपल्याच फॉन्टांत आहे आणि आपले फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे कोणत्याही संगणकावर मजकूर सारखाच वाचता यावा यासाठी ठरवलेल्या जागतिक अक्षरसंकेताचे, नाहीत. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून ते तयार केलेले आहेत. त्यामुळे आपले सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर बचत गटाचा ठराव उघडला, तर गटाचे नाव, सभासदांची नावे, कर्जाची रक्कम या सर्वांच्या ठिकाणी रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीच्या आणि प्रश्नाच्या खुणा यांची न वाचता येणारी ओळ दिसते. वेलांटी कोणत्या खुणेने दाखवली आहे आणि अर्धा ‘त’ कोणत्या जागी ठेवला आहे, हे आपल्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, कारण तो तक्ता आपण कधी जाहीर केलेला नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. मी सॉफ्टवेअर घेतले तेव्हा या गोष्टीला पाव शतक उलटून गेले होते, तरीही मजकूर युनिकोडमध्ये काढून देण्याची सोय आपण मूळ उत्पादनात दिली नाही आणि आज ती वेगळे पैसे घेऊन विकत आहात. कृषी केंद्रातून धानाचे बियाणे घेतले म्हणून बांधीत आलेल्या पिकावर दुकानदाराचा हक्क निर्माण होत नाही. मी टाइप केलेल्या मजकुरावर आपला हक्क कोणत्या आधाराने निर्माण होतो, याचा खुलासा आपण करावा.

हे मी इतक्या ठामपणे लिहू शकते, कारण याच दुकानात मी दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता आणि बदलता येणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचा, अनुभवही घेत आहे. अर्ज भरण्यासाठी ठेवलेला माझा एक जुना, 4 जीबी रॅमचा संगणक आहे. विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय त्यात नाही आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही खुली प्रणाली टाकून घेतली. मंडईचे ते पत्रक अखेर मी या संगणकावर, इंकस्केप या चित्रे व पत्रके जुळवण्याच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, नव्याने जुळवून दिले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार करून खुल्या परवान्याने दिलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरला. ‘दुसऱ्या अंकात’ यातला ऱ्या पडद्यावर जसा होता तसाच कागदावर उतरला. इंटरनेट तेव्हाही बंदच होते, आणि कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागली नाही.

लिब्रेऑफिस या खुल्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फायलींची एक तपासणी मी मुद्दाम करून पाहिली, ती आपल्या तांत्रिक विभागानेही करून पाहावी. ग्रामसभेच्या सूचनेच्या ओडीटी (लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या प्रकारच्या) फाइलीचे नाव बदलून शेवटी झिप लिहिले आणि ती उघडली. आत काही साध्या मजकुराच्या फायली होत्या आणि त्यांतल्या एकीत, खुणांच्या मधे मधे, माझी संपूर्ण सूचना स्वच्छ मराठीत वाचता येत होती. म्हणजे उद्या लिब्रेऑफिस हा कार्यक्रमच राहिला नाही, तरी ती सूचना कोणालाही वाचता येईल. या फायलींची रचना उघड आहे आणि तिला 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळालेला आहे. लिब्रेऑफिस ज्यातून निघाले ते मूळ ओपनऑफिस ज्या सन कंपनीकडे होते ती 2010 मध्ये ओरॅकलने घेतली, तेव्हा त्याच वर्षी त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांनी वेगळे होऊन तोच कोड लिब्रेऑफिस या नावाने पुढे चालवला. मालक बदलला, नाव बदलले, परंतु वापरणाऱ्यांच्या फायली उघडायच्या थांबल्या नाहीत. आपण मात्र केवळ विक्रीची पद्धत बदललीत आणि माझ्या फायली बंद झाल्या.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व काही उत्तम आहे, असे माझे म्हणणे नाही. आपल्या सुलेखनाच्या फॉन्टांची सर असलेले वळणदार देवनागरी फॉन्ट मला तिकडे फार थोडे मिळाले आणि लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक अजूनही आपल्याच फॉन्टातला नमुना दाखवून तसेच अक्षर मागते. चार रंगांच्या छपाईला लागणारी सीएमवायके फाइल इंकस्केप सरळ देत नाही. ती स्क्रायबस या पानांची मांडणी करण्याच्या खुल्या सॉफ्टवेअरमधून काढावी लागते, आणि स्क्रायबसच्या 1.4 मालिकेत मराठी जोडाक्षरे नीट येत नसत, ती 1.6 मालिकेत येऊ लागली. टंकयंत्राच्या ज्या रेमिंग्टन पद्धतीवर माझा हात बसलेला आहे, तो कळफलक मला मराठीच्या यादीत मिळाला नाही, हिंदीच्या यादीत सापडला. अडचण आली तर फोन करण्यासाठी तिकडे कोणाचा क्रमांक नसतो. तरीही एक मोठा फरक आहे. लिब्रेऑफिसमधील दोषांच्या नोंदी कोणालाही वाचता येतात. कोणता दोष कधी नोंदवला गेला, त्यावर कोणी काय म्हटले आणि तो कोणत्या आवृत्तीत दूर झाला, हे तेथे दिसते. आपल्याकडे मी पैसे भरलेली ग्राहक असूनही माझ्याच तक्रारीवर आत काय लिहिले गेले, ते मला पाहता येत नाही.

म्हणून हेही स्पष्ट करते की ही तक्रार किमतीबद्दल नाही. चांगले फॉन्ट तयार करायला वर्षानुवर्षे कष्ट लागतात आणि त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, असे मी मानते, आणि ते मी आनंदाने दिले होते. नव्या आवृत्तीतील नवे फॉन्ट आणि नव्या सोयी यांसाठी आपण वर्गणी घ्यावी. ज्याचे पैसे एकदा पूर्ण घेतले आहेत, ते पुन्हा भाड्याने घ्यायला लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझी सर्वांत महत्त्वाची मागणी ही आहे की आपल्या जुन्या फॉन्टांतील अक्षरांचा तक्ता आपण जाहीर करावा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन सर्व जुन्या परवानाधारकांना विनामूल्य द्यावे. तक्ता मिळाला तर ते साधन तयार करणारी जाणकार माणसे आपल्या कंपनीबाहेरही पुष्कळ आहेत. आपल्याला त्यासाठी वेगळा खर्च करावा लागणार नाही आणि आपल्या फॉन्टांच्या विक्रीला त्याने बाधाही येणार नाही. दुसरे म्हणजे, 2017 च्या परवान्यावर माझ्या सध्याच्या संगणकावर, सर्व्हरच्या पडताळणीशिवाय चालेल अशी आवृत्ती मला देण्यात यावी. ते शक्य नसेल तर नाइलाजाने भरावी लागलेली वर्गणीची संपूर्ण रक्कम परत करावी. वर्गणीच्या आवृत्तीतही, मुदत शिल्लक असताना, केवळ इंटरनेट नाही म्हणून छपाई आणि साठवणूक बंद होऊ नये आणि पडताळणीची अट विक्रीपूर्वी, मराठीत, खोक्यावर छापलेली असावी.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार, स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच वस्तू वा सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक ठरते, त्यामुळे दुकानासाठी घेतले म्हणून माझी तक्रार अमान्य करता येणार नाही. वर वर्णन केलेला प्रकार ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे माझे मत आहे. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून भंडारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे.

पावती आणि खोक्यावरील मजकूर यांच्याशिवाय डोंगलच्या क्रमांकाचे छायाचित्र, वर्गणीचे देयक, ‘परवाना पडताळणी बाकी आहे’ या संदेशाचे छायाचित्र आणि बचत गटाच्या ठरावाच्या एका पानाच्या, आपल्या सॉफ्टवेअरसह व त्याच्याविना छापलेल्या, दोन प्रतीही सोबत जोडल्या आहेत. ठरावातील सभासदांची नावे मी झाकली आहेत.

आपले उत्तर लेखी आणि मराठीत असावे. दूरध्वनीवर दिलेले आश्वासन मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही.

आपली ग्राहक,
(सही)
ता. लाखांदूर, जि. भंडारा