बाबू, ट्रॅक कापू नकोस

बाबू,

तुझ्या नाचाच्या गाण्याचे दोन्ही ट्रॅक ऐकले, २ मिनिटं ४० सेकंदांचा पण आणि ७ मिनिटांचा पण. येत्या शुक्रवारी कुठला टाकू असं विचारलंस तर माझं उत्तर सरळ आहे, मोठा टाक. छोटा हवा तर बाजूला ठेव, पण तुझं नाव ज्याच्यावर पहिल्यांदा लागणार तो मोठाच असू दे.

आता का ते सांगते, जरा लांबेल.

तू शिमग्याच्या रोंबाटातला, म्हणजे मिरवणुकीतला ढोल रेकॉर्ड करून घातलायस ना, मोठ्या ट्रॅकमध्ये तो तिसऱ्या मिनिटाला येतो. तोपर्यंत नुसता किक, म्हणजे तो धप् धप् ठोका चालू असतो, मग हळूच तो बेस, खालचा जाड आवाज, वर येतो, पाय आपोआप हलायला लागतात आणि मग ढोल पडतो तेव्हा अंगावर काटा येतो रे. छोट्यात तोच ढोल विसाव्या सेकंदाला येतो आणि काहीच होत नाही. आवाज तोच, पण कान तयार नाही झालेले. गौरीच्या रात्री आम्ही फुगडीला उभ्या राहतो तेव्हा पहिली दोन गाणी नुसती चालीवर जातात, कोणी घामेजत पण नाही, वेग नंतर चढतो आणि शेवटी शब्द सुटतात, फक्त पाय आणि फू फू राहतं. सुरवातीलाच शेवटच्या वेगाने धरलं तर बायका दोन फेऱ्यांत बसतील. नाचाला वेळ द्यावा लागतो, मग तो डिस्को असो नाहीतर आमचं अंगण.

गाणं छोटंच हवं हे तुझ्या लोकांचं म्हणणं मला कळतं. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी यायला लागली, सगळा ढीग एकाच दिवशी, त्यात स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात आणि २०२४ पासून वर्षात १००० प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. म्हणून सगळे इंट्रो कापतात, पहिल्या पाच सेकंदांत आवाज हवा म्हणतात. पण तू नाचायचं संगीत करतोस बाबू. डीजेला सुरवातीला नुसत्या बीटचे १६ नाहीतर ३२ बार, म्हणजे तालाची आवर्तनं, लागतात एक गाणं दुसऱ्यात मिसळायला, हे मला तूच शिकवलंस. मग ते बार कापून टाकलेला ट्रॅक वाजवणार कोण?

आणि लांब गाणी चालत नाहीत हे मला पटतच नाही. १९७५ मध्ये डोना समर या डिस्को गायिकेचं गाणं रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने पार्टीत लावलं, लोक परत परत लावायला सांगायला लागले, म्हणून त्याने ते बनवणाऱ्या मोरोडरकडे लांब करून मागितलं आणि ते सतरा मिनिटांच्या जवळ गेलं, रेकॉर्डची एक आख्खी बाजू. तुझ्या त्या फोर टेटने, तो लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीतवाला, २०१५ मध्ये दोनच ट्रॅकचा अल्बम काढला, वीस वीस मिनिटांचे, एक बाजू सकाळची, एक संध्याकाळची, आणि सकाळच्या बाजूला आपल्या लताबाईंचा आवाज आहे. मी तो आमसुलं वाळत घालताना ऐकला, पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा हात थांबले माझे. मंगेशीच्या मंगेशकरांचा आवाज, लंडनच्या माणसाने इतक्या मायेने ठेवलाय की कुठे ओढाताण नाही. त्याच्या २०२४ च्या अल्बममधला शेवटचा ट्रॅक पण आठ मिनिटांच्या वर आहे, तो पण बघ. जेमी एक्सएक्स या दुसऱ्या संगीतकाराचा अल्बम पण तू पाठवला होतास त्याच वर्षीचा, छान आहे, पण मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं तर हा माणूस पहिल्या अल्बमनंतर नऊ वर्षं थांबला. जस्टिस हे फ्रान्सचे दोघे, ते पण दोन अल्बमच्या मध्ये आठ वर्षं. तुला दर महिन्याला काहीतरी टाकायचंय, कशाला?

चरणजित सिंगांचं तर तुला माहीतच आहे तरी लिहिते. मुंबईच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांना वाजवणारा माणूस, १९८२ मध्ये रोलँड कंपनीची मशीनं, बेसची ३०३, तालाची ८०८ आणि ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर घेऊन बसला आणि दहा राग डिस्को बीटवर वाजवले. भैरव, ललत, तोडी, मालकंस, सगळे. खपलं नाही. ती ३०३ मशीन पण खपली नाही, १९८४ मध्ये कंपनीने बंदच केली, मग १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांची तिच्यावरची रेकॉर्ड आली आणि त्या नाचाच्या संगीताला ॲसिड हाऊस म्हणायला लागले. आपल्या माणसाची रेकॉर्ड तोपर्यंत पाच वर्षं जुनी झाली होती, पण ती परत निघाली २०१० ला, मग म्हातारपणी युरोपात जाऊन वाजवलं त्यांनी. २०१५ मध्ये गेले. मला त्यांचं राहून राहून वाटतं. त्या माणसाने रागाला घाई केली नाही, बीट मशीनची असली तरी आलाप दिलाय बघ सुरवातीला. आपल्या बेंजोवाल्यांचा ऑक्टोपॅड, तो काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ताल, पण रोलँडचाच, म्हणजे ही मशीनं काय परकी नाहीत आपल्याला, वरातीत रात्र रात्र वाजतात.

तर असं कर. बॅंडकॅम्पवर, जिथे लोक गाणी विकत घेतात, तिथे मोठा, न दाबलेली पूर्ण वेव फाईल. बाकी ठिकाणी मोठा आधी आणि छोटा त्याच्या खाली, रेडिओ एडिट म्हणून. आवाज उगाच चढवू नकोस, स्पॉटिफाय तसाही सगळ्यांचा सारखा करून घेतं, आणि चढवला की ढोलाची कातडी ऐकू येत नाही, नुसता धाडधाड होतो. चौथ्या मिनिटाला तो जो शिट्टीसारखा वरचा सूर आहे ना तो मला कानाला टोचतो, तो जरा कमी कर, हेडफोनवर पण ऐकला आणि तुझ्या बाबांच्या स्पीकरवर पण, दोन्हीकडे टोचला.

आणि महत्त्वाचं. ढोल वाजवलेल्या वाडीतल्या पोरांची नावं क्रेडिटमध्ये घाल, विचारून घाल, आणि पैसे आले तर त्यांचा वाटा किती ते आत्ताच ठरवून त्यांना सांग, नंतर नको. थोडे आले तरी द्यायचे. मी उद्या देवळाकडे जाणार आहे तेव्हा भेटतील त्यातले दोघे, त्यांची नावं कशी लिहायची ते विचारून तुला फोन करते.

तुझी,
आई