पुराची रेघ पुसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी भांडी बाजारातून घाटाकडे उतरताना चित्रकलेची दहा-बारा मुलेमुली जुन्या वाड्यांच्या खांबांना निळ्या कापडाच्या पट्ट्या बांधताना दिसली. थांबून विचारले. ‘स्मारक म्हणजे काय’ असा विषय त्यांना मिळाला होता आणि काम सगळ्यांनी मिळून करायचे होते, कुणाच्या एकट्याच्या सहीचे नाही. आधी पुतळ्याचा नमुना करायचे ठरत होते. मग घाटावर एका फुलवाल्या मावशींना त्यांनी हाच प्रश्न विचारला, तर मावशींनी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट दाखवले!

खरेच आहे. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नाशिककर पाणी कमरेला लागले की गळ्याला, एवढेच विचारतो. मारुतीच्या, हे सांगावेही लागत नाही. घाटावरच्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयाची म्हणून ओळखली जाते, पण आमच्या घरात तिचे नाव निघे ते ‘घंटेला पाणी लागले’ अशा धास्तीनेच.

मुलांनी मग १९६९ चा पूर पाहिलेल्या माणसांना गाठले आणि पाणी कुठवर आले होते ते हाताने दाखवायला सांगितले. जिथे हात टेकला तिथे पट्टी. एका वाड्यात दोन सख्ख्या भावांचे हात वीतभर वरखाली टेकले आणि दोघेही हटेनात. मुलांनी दोन्ही पट्ट्या बांधल्या. मला हे फार आवडले.

विद्यार्थ्यांच्या कामाला ‘प्रोजेक्ट’ म्हणून हलके लेखू नये. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासाठी १९८१ मध्ये १,४२१ प्रस्तावांतून निवडला गेला तो माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा. घोडा नाही, तलवार नाही; काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर मृत सैनिकांची नावे, आज ५८ हजारांहून अधिक. तो दगड आपल्या बेंगळुरूकडचा. लोक आपल्या माणसाच्या नावावर कागद धरून पेन्सिलीने छाप उतरवून घेतात.

आमच्या जुन्या घराच्या ओसरीत वडिलांनी १९६९ च्या पुराची रेघ कावेने ओढली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. पुढे एका लग्नाच्या रंगकामात ती गेली. कुणाच्या लक्षातही आले नाही, माझ्यासुद्धा. त्याचे आज वाईट वाटते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रंगरंगोटी होईलच. महापालिकेला विनंती, की घाटावरच्या आणि गावठाणातल्या भिंतींवर ब्रश फिरवण्याआधी या मुलांना तिथे एकदा फिरू द्यावे, पुराच्या खुणा नोंदवू द्याव्यात आणि निवडक खुणा साल घालून दगडात कोराव्यात. त्याला मोठा खर्च नाही. सराफ बाजार, दहीपूल, पंचवटी या भागांत ज्यांच्या घरी अशी रेघ अजून शाबूत आहे त्यांनीही ती मुलांना दाखवावी.

मी त्यांना आमच्या ओसरीत घेऊन गेले. रेघ नव्हती, म्हणून आठवेल तिथे भिंतीवर हात टेकला. आता ती जागा माझ्या खांद्याशी येते.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक