लँडलाइनलाही पोर्टेबिलिटी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी चिंचवडला राहत्या घरी २०११पासून पोळी-भाजी केंद्र चालवते. सकाळच्या पारी तीनशेच्या आसपास पोळ्या होतात, चाळीसेक डबे जातात. ऑर्डरी येतात त्या घरातल्या लँडलाइनवर, आणि तो फोन सासूबाई सांभाळतात. त्यांचं वय ७८. टच मोबाइल त्यांना जमत नाही, पण रिसीव्हर खांद्याशी दाबून धरत त्या वहीत बरोबर लिहून घेतात: ‘बी विंग, ६ पोळ्या, भाजी बिनलसणाची.’ हा नंबर बाहेरच्या पाटीवर आहे, डब्यांच्या स्टिकरवर आहे आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या कित्येक ज्येष्ठांना तोंडपाठ आहे.

हा फोन एका खासगी कंपनीचा. सुरुवातीपासून इंटरनेटबरोबरच आला. मागच्या आठवड्यात कंपनीतून सांगण्यात आलं, की तुमचा ४९९चा प्लॅन बंद झाला, आता ७९९चा घ्यावा लागेल. जास्तीचं काय मिळणार म्हणून विचारलं, तर स्पीड वाढेल, शिवाय सिनेमा-मालिकांची ओटीटी ॲप्स ‘फ्री’. आमच्याकडे इंटरनेट लागतं ते पैसे आले का बघायला, किराण्याची ऑर्डर द्यायला आणि मुलीच्या अभ्यासाला. त्याला जुना स्पीड पुरून उरत होता. ओटीटी काढून टाका आणि तेवढे पैसे कमी करा, असं म्हटलं तर ते प्लॅनमध्येच आहे, वेगळं करता येत नाही. मग इंटरनेट राहू दे, नुसता फोन चालू ठेवा म्हटलं, तर तेही नाही. फोन इंटरनेटच्या प्लॅनवरच मिळतो.

हिशेब मांडते. ४९९वर १८ टक्के जीएसटी धरून सहा महिन्यांचे आगाऊ ३,५३३ रुपये मी भरत होते. आता ७९९च्या हिशेबाने ५,६५७ भरायचे. फरक २,१२४ रुपयांचा. माझ्याकडे पोळी १२ रुपयांना जाते. म्हणजे १७७ पोळ्यांचे पैसे, तेही गहू, तेल, गॅस आणि लाटणाऱ्या दोघींची मजुरी न धरता. आणि हे कशासाठी, तर जे मी मागितलं नाही त्यासाठी.

आमच्या गल्लीतला केबलवाला ४०० रुपये अधिक टॅक्समध्ये चांगलं इंटरनेट देतो. शेजारच्या तिघांनी घेतलंय, कुरकुर नाही. कोणीही म्हणेल, मग तिकडे जा. जायला मी एका पायावर तयार आहे, पण माझा नंबर माझ्याबरोबर येत नाही. तिकडे गेले तर नवा नंबर मिळणार आणि हा कायमचा बंद पडणार.

माझ्या पत्राचा खरा मुद्दा हा आहे. मोबाइलच्या बाबतीत ही अडचण आपण कधीच मागे टाकली. २० जानेवारी २०११पासून देशभर मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलता येते. १९०० या क्रमांकावर मेसेज टाकला की कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. लँडलाइनला ही पोर्टेबिलिटीची सोय आजही नाही. लँडलाइनचे क्रमांक कंपन्यांना वाटून दिलेले असतात, एसटीडी कोडनंतरच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येते, म्हणून अवघड आहे, असं मला एका जाणकाराने सांगितलं. पण पूर्वी मोबाइलच्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनही कंपनी कळायचीच की. तरी ते जमवलं. मी राज्याबाहेर नंबर न्यायचा म्हणत नाही. याच घरात, याच ०२० कोडमध्ये तो राहू द्यावा, फक्त भिंतीतून येणारी वायर दुसऱ्याची असेल. नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात गिऱ्हाईक. फोन ‘मोफत’ म्हणून जोडून द्यायचा आणि नंतर त्याच नंबरपायी माणसाने महागडं इंटरनेट घेत राहायचं, हे बरोबर नाही.

कंपन्या म्हणतील, एकाच वायरीतून दोन्ही दिल्यामुळेच स्वस्त पडतं. ते मला पटतं. मीही पोळी-भाजी-वरण-भाताचं पूर्ण ताट सुट्या पदार्थांपेक्षा कमी दरात देते, कारण मलाही ते परवडतं. पण ज्यांना नुसत्या पोळ्या हव्यात त्यांना नुसत्या पोळ्या देते. भाजी घेतलीच पाहिजे, नाहीतर पोळी नाही, असं एकदाही म्हटलेलं नाही. देखभालीचा, वायरीचा खर्च येतो, तो लावा. पण नुसत्या फोनचा एक दर असायला हवा.

याला आधार नाही असंही नाही. डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मोबाइल कंपन्यांना नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेलं किमान एक व्हाउचर ठेवणं बंधनकारक केलं. ज्यांना डेटा नको त्यांना तो घ्यायला लावू नका, हाच त्यामागचा विचार. सासूबाईंच्या साध्या बटणांच्या मोबाइलला त्याचा फायदा झाला. मग त्याच सासूबाई घरातला फोन उचलतात तेव्हा त्यांना तो न्याय का नाही? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवून नको ते घ्यायला लावणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांमध्ये हवी ती वस्तू मिळवण्यासाठी असंबंधित सेवा घ्यायला भाग पाडणं हाही एक प्रकार आहे. फोनसाठी सिनेमाची ॲप्स, हे माझ्या मते नेमकं त्यातच बसतं. संबंधितांनी यावर स्पष्ट बोलावं.

फोनबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. २०११मध्ये आमच्याकडे तांब्याच्या तारेवरचा फोन होता. त्याला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची, त्यामुळे घरातली लाइट गेली तरी फोन वाजायचा. २०२१मध्ये कंपनीने फायबर टाकलं. आता फोनची पिन फायबरच्या डब्यात असते आणि तो डबा घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की डब्यावरचे हिरवे दिवे विझतात आणि रिसीव्हर कानाला लावला तर नुसती शांतता. हा फरक पडेल हे फायबर टाकताना आम्हाला कोणीही सांगितलं नाही. गेल्या जुलैत मोठा पाऊस झाला तेव्हा सकाळी सव्वानऊला आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर गेला. एका ऑफिसने पावसामुळे सुटी दिली होती. बावीस डबे नको म्हणून ते तासभर लँडलाइन लावत होते. इकडे आम्ही फोन का वाजत नाही म्हणत पोळ्या भाजत होतो. डबेवाला मुलगा भिजत जाऊन भरलेले बावीस डबे घेऊन परत आला. त्या ऑफिसचा दोष नव्हता, मी पैसे घेतले नाहीत. भाजी संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी वाटली. दुसऱ्याच दिवशी १,६०० रुपये घालून त्या फायबरच्या डब्यासाठी छोटा बॅटरी बॅकअप आणला. फोन मोफत म्हणतात, तर हा खर्च कुठे धरायचा?

तक्रार केलीच. कस्टमर केअरने तक्रार क्रमांक दिला आणि दोन दिवसांत ‘तक्रारीचं निवारण झालं’ असा मेसेज आला. निवारण काय झालं ते त्यात नव्हतं. नंतर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे लिहिलं. उत्तर आलं, की प्लॅन अटींनुसार आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. घेतलेल्या प्लॅनचा दर निदान सहा महिने वाढवता येत नाही, एवढं संरक्षण नियमात आहे, पण माझे सहा महिने संपत आलेत. आता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे.

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे एप्रिल २०२४पासून मोठ्या इंटरनेट कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत एक ठरावीक तक्ता दाखवावा लागतो, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. महिन्याचा दर, तो सुरुवातीपुरता आहे का, असल्यास किती महिने, वरून लागणारी शुल्कं, स्पीड, डेटा. तिने फोटो पाठवला, मला पाच मिनिटांत कळला. आपल्याकडे मोठ्या अक्षरात ४९९ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘अधिक जीएसटी’. नुसती ती किंमत तरी करासकट छापायला काय हरकत आहे? मी डब्याचा दर सांगते तो पूर्ण सांगते.

ट्रायला आणि दूरसंचार विभागाला माझी कळकळीची विनंती आहे, की लँडलाइनच्या पोर्टेबिलिटीचा विचार व्हावा. माझ्यासारख्या छोट्या व्यावसायिकांचा, दवाखान्यांचा, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं एकटी आहेत त्यांचा नंबर अडकलेला आहे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

माझ्या प्लॅनची मुदत येत्या १२ तारखेला संपते. मी ५,६५७ रुपये भरणार आहे. गोकुळाष्टमी झाली की उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि त्या सगळ्या याच नंबरवर येतात.

– एक पोळी-भाजी केंद्रचालिका, चिंचवड