सव्वाअकराची गाडी

प्रिय सुमे,

आपली सव्वाअकराची गाडी बंद होतेय. थांब्याच्या खांबावर कागद चिकटवलाय. ‘प्रवासी संख्येअभावी’ पुढच्या महिन्यापासून शेवटची फेरी रात्री सव्वानऊला सुटेल. खाली सही नाही, नुसता शिक्का. घरी सांगितलं तर “बरं, मग?” एवढंच उत्तर आलं. त्यांचा काय दोष, त्या गाडीने ते कधी घरी आलेच नाहीत. आपण आलोय. म्हणून तुला लिहितेय. फोनवर तू मध्येच तोडतेस, मग आपण भांडतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. या वेळी मला सगळं एका दमात सांगायचंय.

आधी खुशाली. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. काठी घेऊन चालते आणि त्याच काठीने आम्हाला सगळ्यांना हाकते. माझी शुगर ताब्यात आहे. झालं.

दुकानाच्या काउंटरमागे उभं राहिलं की रस्त्याची रात्र कशी उतरते ते नीट दिसतं. आठपर्यंत गाडीवाले, घाईतले, हॉर्न वाजवून बाहेरूनच औषध मागणारे. नऊनंतर वेगळी माणसं. हॉस्पिटलमधल्या मावशी, वॉचमन, मॉलमधल्या मुली, क्लासची पोरं. त्यातल्या एक मावशी वॉर्डात सफाईला आहेत. चिठ्ठी बसच्या पासच्या पाकिटात चौघडी करून ठेवलेली असते. पूर्ण पट्टी कधी घेत नाहीत, पाच गोळ्या. मी कात्रीने पट्टी कापते तेवढ्यात त्यांचं लक्ष काउंटरकडे नसतंच, मान रस्त्याकडे. दिवे वळणावर दिसले की “आली” म्हणतात, सुटे पैसे ठेवतात आणि निघतात. त्यांची पाळी दहाला सुटते. कागद लागला त्या रात्री त्यांनी विचारलं, “ताई, आता मी कशी जाणार?” मला उत्तर देता आलं नाही. कामाची वेळ बदलून मागा, असं कोणत्या तोंडाने सांगू? ती वेळ त्यांच्या हातात असती तर विचारायला आल्याच नसत्या.

आता मुद्दा. परिवहनवाले म्हणतात, शेवटच्या फेरीत माणसं कमी असतात. खरंच असतात, मी रोज बघते. पण शेवटच्या गाडीचे प्रवासी फक्त शेवटच्या गाडीत मोजून कसं चालेल? संध्याकाळी सातला जी बाई नाटकाला, बहिणीकडे, शिवणाच्या क्लासला बसने निघते, ती परत यायला गाडी आहे म्हणून निघते. बहुतेक वेळा ती सव्वानऊच्याच गाडीने परत येते. सव्वाअकराच्या गाडीत ती कधी बसलेली दिसणार नाही, पण ती गाडी आहे या भरवशावर ती बाहेर पडली. तो भरवसा काढून घेतला की ती सातला निघणारच नाही, किंवा स्कूटर घेईल, आणि एकदा स्कूटर आली की सकाळच्या बसमधूनही ती गेली. मग सव्वानऊची फेरी रिकामी दिसेल आणि कागदावर सव्वानऊ खोडून आठ लिहितील. तिकिटांच्या हिशेबात हे कुठे धरतात? धरतच नसतील तर धरायला लावायची पद्धत काय? हे मला तूच सांगू शकतेस, तुझं आयुष्य वेळापत्रकं बनवण्यात चाललंय.

आणि गाडी एकटी जात नाही गं. पलीकडच्या रस्त्यावरची रात्रीची फेरी बंद झाली तेव्हा मी बघितलंय. आधी झेरॉक्सवाल्याने शटर लवकर ओढलं, मग शिंप्याने, मग कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला म्हणाला, दोन दुकानांच्या अंधारात मी एकटा दिवा लावून काय करू? आता तिथून रात्री चालताना पावलं आपोआप भरभर पडतात. पोलिसांची गाडी फिरते, पण ती येते आणि जाते. उघडं दुकान तिथेच असतं.

याच्या मध्येच दुसरं प्रकरण. मोठ्या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका करायचा प्रस्ताव आहे. कडेचं पार्किंग जाणार. म्हणजे दिवसा बसला रस्ता देणार आणि रात्री बसच काढून घेणार, एकाच कचेरीतून. व्यापारी मंडळाने मार्गिकेविरुद्ध निवेदन तयार केलं आणि माझ्या दुकानाचा शिक्का मागायला आले. मी दिला नाही. बैठकीत सगळे म्हणाले, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं. मी विचारलं, तुमचं गिऱ्हाईक येतं कसं, कोणी मोजलंय? इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००६ साली मोजलं होतं. दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं, प्रत्यक्षात निघाले २२ टक्के. अध्यक्ष म्हणाले, “तुझं मेडिकल आहे, आजारी माणूस रांगतसुद्धा येईल.” सगळे हसले, मीही हसले, वाक्य चांगलं होतं. पण मग मी आठवडाभर बिलाच्या पाठीमागे खूण करत गेले, चालत, बसने, दुचाकीने, मोटारीने. चालत आणि बसने आलेले निम्म्याच्या खूप पुढे गेले. मोटारवाला लक्षात राहतो कारण तो दारात गाडी लावतो आणि मोठं बिल करतो. पाच गोळ्यांवाली रोज येते. शिंप्याला मी तशाच खुणा करायला लावल्यात. तो कुरकुरतो, पण करतो.

तू आता म्हणणार, दिल्ली. माहितीये मला, त्यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हतीस. दिल्लीत २००८ ला रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका केली आणि २०१६ मध्ये उखडून टाकली, हे मी नाकारत नाहीये. पण कशामुळे? थांबे रस्त्याच्या मधोमध, म्हणजे प्रत्येक प्रवाशाने वाहत्या गाड्यांतून ओलांडून जायचं. शेजारी मोटारींच्या रांगा, आणि मोटारीत बसलेल्या माणसाचा आवाज बसमधल्या माणसापेक्षा लांब जातो. हरली ती मांडणी, आणि तिच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही ते. बस हरली असं मी तेव्हाही मानलं नाही, आताही मानत नाही. आणि तुझ्या भुयारी रेल्वेच्या वेडावर माझं उत्तर तेच, स्वित्झर्लंडमधलं झुरिक. तिथल्या लोकांनी १९७३ साली मतदान करून भुयारी रेल्वे नाकारली, १९७७ मध्ये पुन्हा मतदान करून ट्राम आणि बसला रस्त्यावर आधी वाट द्यायला पैसे मंजूर केले, आणि सिग्नलसुद्धा ट्राम येताना बघून बदलायला लागले. तू म्हणायचीस, ते शहर लहान आहे. अगं, आपलंही लहानच होतं की. आता वाढतंय म्हणून तर आताच ठरवायला हवं. रिंगरोडच्या पलीकडे इमारतींची रांगच्या रांग उभी राहिलीये आणि तिथे थांब्याचा खांबसुद्धा नाही.

तुझं एक मात्र मी कायम मान्य केलंय. दोन गाड्या एकापाठोपाठ का येतात ते तू माझ्या बिलबुकाच्या पाठीवर रेघा मारून समजावलं होतंस. पुढची गाडी थोडी रखडली की थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढेपर्यंत गाडी आणखी रखडते, मागचीला माणसंच उरत नाहीत, ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. मी हेच बैठकीत सांगितलं आणि स्टेशनरीवाले काका म्हणाले, “म्हणजे ड्रायव्हर गप्पा मारायला एकत्र येत नाहीत होय?” त्यांचा ड्रायव्हरांवरचा राग त्या दिवशी गेला. मार्गिका हवी ती यासाठीच, रखडणं सुरूच होऊ नये म्हणून. हे वाक्य मी गाडीच्या आणि मार्गिकेच्या सुनावणीत वापरणार आहे, तुझं नाव न घेता.

रात्रीबद्दल मात्र तुझं माझं कधीच पटलं नाही. तुझं म्हणणं, रात्र जागी ठेवली की दारू आणि दंगा. मी म्हणते, दंगा सगळ्यांना एकाच वेळी बाहेर काढण्यात आहे. सिडनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम केला, रात्री दीडनंतर बारमध्ये कोणाला आत घ्यायचं नाही, तीनला दारू बंद. दारूच्या नशेतल्या मारहाणीत खरोखरच माणसं मेली होती म्हणून केला, तो राग खोटा नव्हता, आणि त्या भागातल्या मारामाऱ्याही कमी झाल्या. पण गाणं-बजावण्याच्या जागाही मिटल्या, आणि २०२० च्या जानेवारीत शहराच्या मध्यभागातून तो नियम काढून घ्यावा लागला. मला दोन्ही गोष्टी दिसतात. म्हणूनच माझी मागणी बारची नाहीच. मला अकराला उघडं असलेलं वाचनालय हवंय, छोटं नाट्यगृह हवंय, शिंपी हवाय, आणि त्या सगळ्यांतून घरी नेणारी गाडी हवीय. रात्री बाहेर असणारा माणूस म्हणजे मजा मारणारा, हे गृहीत धरूनच आपल्याकडे निर्णय होतात. त्या मावशी कोणती मजा मारतात?

दक्षिण कोरियातल्या सोलनं काय केलं बघ. २०१३ साली रात्रीच्या बस सुरू करताना मध्यरात्रीनंतर मोबाइलवरून कुठून किती फोन होतात ते बघितलं आणि त्यावरून मार्ग आखले. माणसं कुठे जागी आहेत ते आधी शोधलं, मग गाडी पाठवली. आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १९९६ पासून रात्री बाईमाणसाला दोन थांब्यांच्या मध्येही उतरता येतं, ड्रायव्हरला सांगायचं, सुरक्षित जागा बघून तो थांबतो. याला काय लागतं सुमे? एक परिपत्रक आणि ड्रायव्हरला दिलेली सूचना. तुला आठवतं ना, थांब्यापासून तुझ्या गल्लीपर्यंतचा तो पट्टा? आपला कंडक्टर न सांगता घंटी मारायचा आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची. तो निवृत्त झाला. आता तसं कोणाच्या मनावर सोडता येणार नाही, ते नियमातच यायला हवं.

रात्रीच्या फेऱ्या दर दहा मिनिटांनी मी मागत नाहीये, तेवढा पैसा नाही हे मलाही कळतं. दिवसा गाडी वरचेवर हवी, म्हणजे घड्याळ बघावंच लागत नाही. रात्री तासाला एक चालेल, पण ती ठरल्या मिनिटाला आली पाहिजे, आणि सगळ्या मार्गांच्या गाड्या मोठ्या चौकात एकाच वेळी भेटल्या पाहिजेत. पाच मिनिटं थांबा, माणसं इकडून तिकडे बदलू देत, मग सगळ्या एकदम सोडा. हे तूच मला सांगितलं होतंस. आता आपल्या शहराच्या नकाशावर मला ते काढून हवंय.

आणि एक भीती, जी मी बैठकीत बोलले नाही. समजा मार्गिका झाली, गाडी राहिली, रस्ता उजळला. मग भाडं वाढणार. शिंप्याचा गाळा भाड्याचा आहे, झेरॉक्सवाल्याचाही. ज्यांच्या दिव्यांच्या जिवावर मी हे सगळं मागतेय तेच पहिले उठणार आणि तिथे कुठलीतरी मोठी साखळीवाली शोरूम येणार, जी साडेनऊला झगमगीत कुलूप लावून मोकळी होते. पॅरिसने २००४ पासून शहराच्याच एका कंपनीमार्फत रिकामे गाळे विकत घेतले आणि किरकोळ दुकानदारांना, कारागिरांना भाड्याने दिले. म्हणजे वाट आहे. पण आपल्याकडे हे मागितलं तर व्यापारी मंडळातले गाळामालक माझ्याशी बोलणं टाकतील, आणि न मागावं तर शिंपी जातो. सुनावणीत मला मोजून वेळ मिळणार. दोन्ही एकत्र मांडू, की गाडी आधी वाचवू आणि गाळ्यांचं नंतर? रात्री झोप लागत नाही ती यावरून. यात मला तुझं मत हवंय, आणि ते माझ्यासारखंच असायला हवं असा हट्ट नाही.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. घर मिळालं का? धाकटी पोहायला शिकली म्हणे, तिला माझ्याकडून शाबासकी. भाऊजींची पाठ कशी आहे? सगळं सविस्तर लिही, नुसतं ‘ठीक’ नको.

सुनावणी गुरुवारी आहे. बुधवारपर्यंत मला तीन गोष्टी पाठव. शेवटची फेरी तोडल्यावर आधीच्या फेऱ्यांचे प्रवासी कसे कमी होतात, त्याचा तुमच्याकडचा काही तक्ता असेल तर तो. मोठ्या चौकातला रात्रीचा मेळ, हाताने काढलेला चालेल. आणि गाळ्यांबद्दल तुझं हो की नाही. मावशी गुरुवारी रजा टाकून येणार आहेत, शिंपीही येतोय, त्याच्या खुणांची वही घेऊन. माझ्या बिलांचे फोटो सोबत जोडलेत, टक्केवारी तूच काढ, तुझा हिशेब माझ्यापेक्षा बरा.

आणि आईला फोन कर. ऑपरेशननंतर तुझा फोन आला नाही म्हणून ती फुगून बसलीये.

तुझी,
मंगी