फटाका सायलेन्सरवाले आणि आम्ही एक नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो अधूनमधून पेपरात येतात. ते बघून मला वाईट वाटत नाही, बरंच वाटतं, कारण रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोरून सायलेन्सरमधनं फटाक्यासारखे आवाज काढत जाणाऱ्या पोरांचा मलाही राग येतो. पण बातमीत मग सगळ्यांना मिळून 'मॉडिफाय गाड्या' म्हटलं जातं आणि तिथं आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय येतो, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरचा, दिवसा उद्यमनगरात लेथवर असतो आणि संध्याकाळी नि रविवारी जुन्या बुलेट, येझदी, आरएक्स १०० नव्यानं बांधतो. सुरुवात हौसेनं झाली, स्वतःची एक गाडी केली, ती बघून मित्र आला, मग मित्राचा मेव्हणा आला, असं करत आता वर्षाला तीन-चार गाड्या होतात आणि घरात चार पैसे जास्तीचे येतात. एक गाडी उभी राहते तेव्हा कुशनवाला, बफिंगवाला, निकेलवाला, पावडर कोटिंगवाला, पेंटर अशा पाच-सहा जणांच्या हाताला काम मिळतं, ते कुणी मोजत नाही.

लोकांना वाटतं कापाकापी केली की झाली गाडी. जुन्या टाकीला टाका मारायचा असेल तर आधी ती दोन-तीनदा धुवायची, मग पाण्यानं भरायची आणि जिथं वेल्डिंग करायचं तेवढीच जागा कोरडी वर ठेवायची, कारण पेट्रोल ओतून टाकलं तरी आत वाफ राहते आणि ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते. नवी करायची तर १८ गेजचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं हळूहळू गोलाई आणायची, पुठ्ठ्याचा फर्मा लावून दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघायचं, जोडून झाली की थोडी हवा भरून सगळ्या जोडाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा दिसला की परत टाका. यात माझे दोन आठवडे जातात.

आणि चेसीचं पुढचं टोक, जिथं कोनसेट म्हणजे हँडल फिरवणारं बेअरिंग बसतं, तिथं मी कटर लावत नाही, कितीही पैसे दिले तरी. मागं एक पोरगा लांबलचक फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचं) चॉपर करून द्या म्हणून आला होता. त्याला समजावलं की बाबा, फोर्क इतका आडवा केला की गाडी सरळ छान पळेल पण गगनबावड्याच्या घाटात वळणावर वळायची नाही, आणि तिथला जोड तडकला तर पुढचं चाकच निघून येईल. त्याला नाही म्हणून सांगितलं, गिऱ्हाईक गेलं, गेलं तर गेलं.

आता कायद्याचं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रूपात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला सोडून बदल केला तर नोंदणी मिळणार नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. सुरक्षेसाठी नियम पाहिजेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्याकडं येणारी जुनी येझदी म्हैसूरच्या कारखान्यातली, तो कारखाना १९९६ ला बंद पडला, आरएक्स १०० पण १९९६ लाच बंद झाली. मग कंपनीचा पार्ट आणायचा कुठनं? तो लेथवर करावाच लागतो.

बरं, तपासून नोंद करायची पद्धत आपल्याकडं नाही असंही नाही. सीएनजी किट बसवलं की आरसीवर चढतं, रंग बदलला की परवानगी घेऊन चढतो, दिव्यांगांच्या स्कूटरला साइड व्हील लावायलाही कायद्यात वाट आहे, आणि तीही कुणीतरी वेल्डिंग करूनच लावतो की. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीचीसुद्धा सरकारी सेंटरवर तपासणी होते, जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेचा इंजिनिअर बदल बघून कागदावर चढवतो. आपल्याकडं पुण्यात कोथरूडला एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था १९६६ पासून आहे, पण तिथलं मॉडेल पास करायचं काम हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी, वर्षाला तीन गाड्या करणाऱ्यानं तिथं जायचं म्हटलं तरी खर्च झेपणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला सिग्नलला उभी असताना मागून टेम्पोनं ठोकलं. चूक शंभर टक्के टेम्पोची, तरी विमा कंपनीच्या माणसानं मडगार्ड कंपनीचं नाही म्हणून क्लेम अडकवला. ते मडगार्ड मी केलेलं, मूळच्यापेक्षा जाड पत्र्याचं. गिऱ्हाईक भला माणूस, मला एक शब्द बोलला नाही पण माझीच मान खाली गेली.

म्हणून मागणी एवढीच की आम्हाला सूट नको, तपासणी द्या. आरटीओत महिन्यातनं एक दिवस ठेवा, ब्रेक बघा, लाइट बघा, चेसीचे जोड बघा, मीटर लावून आवाज मोजा (१७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातनं निघताना ८० डेसिबलची हद्द आहे, तीच आम्हाला लावा), फी घ्या, आणि नापास झाली तर खुशाल परत पाठवा.

सध्या माझ्या शेडमध्ये एका गिऱ्हाइकाच्या वडलांची येझदी उभी आहे, टाकीला कालच प्रायमर मारलाय, दिवाळीपर्यंत चालू होईल. ती तपासायला मी स्वतः घेऊन येतो, फक्त कुठल्या खिडकीवर आणायची ते कुणीतरी सांगावं.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, कोल्हापूर